मानेवरचं गोंदण

काष्टी, रविवार
मार्च १९७२

प्रिय कृपा,

तुझ्या नगरच्या दवाखान्यात माझ्या मानेच्या गाठीचा तुकडा तपासायला घेतला, तेव्हापासून घरातले सगळे माझ्याशी गोड बोलू लागलेत. ज्यांनी जन्मात चहाचा कप उचलून ठेवला नाही, ते आमचे हे माझी गादी झटकतात. संशय मला तिथेच आला.

पुण्याला रोज ‘शेक’ देतात म्हणे. कसला शेक? ऊब नाही की चटका नाही. मानेवर जांभळ्या शाईने चौकोन आखला, मला टेबलावर निजवलं आणि सगळे बाहेर पळाले. जाडजूड दार लागलं. औषध गुणाचं असेल तर देणाऱ्याने पळावं कशाला? दारावर ‘कोबाल्ट’ लिहिलंय. ह्यांना विचारलं तर म्हणाले, मशीनच्या कंपनीचं नाव असेल. मी काय दूधखुळी आहे?

शनिवार-रविवार मशीन बंद, म्हणून घरी येते. शाई पुसू द्यायची नाही अशी ताकीद आहे, पण घामाने ती फिकी व्हायला लागली. माझ्यासाठी माहेरहून येऊन राहिलेली आई घाबरली. मागच्या शनिवारी तिने बाजारातून गोंदणारीण आणली आणि चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर ठिपके गोंदवून घेतले! सोमवारी डॉक्टर आधी कडाडले, मग पट्टीने मोजून हसायलाच लागले. जागा अगदी बरोबर होती.

लग्नाआधी आईनेच माझा हात गोंदवला होता. तेव्हा मी रडत होते आणि ती हसत म्हणाली होती, ‘मेल्यावर येवढंच संगं येतंय, बाई.’ या वेळी मी गप्प होते आणि तीच पदरात तोंड घालून रडली. शाई टिकावी म्हणून कोणी इतकं रडतं का?

कोणालाही विचारलं की एकच उत्तर, ‘कृपाच म्हनली, साधी सूज हाय.’ म्हणून सगळ्यात मोठा संशय तुझ्यावर आहे. बोर्डिंगात मला वाचवायलासुद्धा तू खोटं बोलली नाहीस, आणि मी आठवडाभर सगळ्यांची भांडी घासली. तीच तू आता खोटं बोललीस?

उद्या पुण्याला जाणार नाही, असं मी घरात सांगितलंय. सगळे हवालदिल झालेत. ही चिठ्ठी गोरक्षभावजींच्या हाती देतेय, उत्तर त्यांच्याच हाती दे. कॅन्सर असेल तर कॅन्सर लिही. मला भीती वाटते, कृपा, फार वाटते. पण ते दार लागलं की आत मी एकटीच असते. खरं लिहिलंस तर मिळेल त्या गाडीने जाईन, आणि त्या खोलीत निदान तुझा शब्द माझ्या सोबतीला असेल.

अजूनही तुझीच,
मुक्ता