चार नंबरची पोर्टेबल

मु. केटल फ्लॅट,
बुधवार, दुपारचे तीन

प्रिय डेल्मरदादा यास,

धाकट्या बहिणीचा (जिच्याशी तू दोन वर्षं बोलत नाहीस तीच, दुसरी तुला नाही) सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. तुझा गुडघा, तुझी नासपतीची झाडं आणि तुझा राग, या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळव. गुडघ्याला शेक दे, झाडांना पाणी दे; तिसऱ्याला काय द्यावं ते मला अजून उमगलेलं नाही. खरं तर फोनच करणार होते, पण मागच्या दोन्ही वेळी मी "हॅलो" म्हणताच तू ट्रॅक्टर सुरू केलास. पत्राला ट्रॅक्टर ऐकू येत नाही, म्हणून हा खटाटोप.

शाळेचं काम कुठवर आलं हे तुला मुळीच जाणून घ्यायचं नसणार, म्हणून सविस्तर लिहिते. गावाने शाळेसाठी कर्जाचा बॉण्ड काढायला चौथ्या खेपेला मतदानात होकार दिला, तोही काठावर. (पहिले तीन बॉण्ड पडले त्यात तुझ्या पाटीचा वाटा मोठा होता. 'घरपट्टी आधीच काय कमी आहे?' ही पाटी रस्त्यावरून इतकी ठळक दिसायची की शाळेची बससुद्धा तिथे हळू व्हायची.) मला बॉण्डच्या देखरेख समितीवर घेतलं आहे. मतपत्रिकेवर जे छापलं होतं तेच बांधलं जातंय ना, एवढंच आम्ही पाहायचं. त्यासाठी पिवळं हेल्मेट मिळतं, नारिंगी जाकीट मिळतं आणि महिन्यातून एकदा चिखलातून हिंडायला मिळतं. छप्पर गळायचं थांबलं आहे. नव्या बॉयलरचा आवाजच येत नाही, त्यामुळे तो चालू आहे की नाही हे पाहायला कुणीतरी दर तासाला खाली जातं. खिडक्या उघडतात! बेचाळीस वर्षांनी उघडतात. नळाखाली नुसता हात धरला की पाणी येतं. मी गेले तेव्हा पाच मिनिटं हात धरून उभी होते, मग कळलं की हा जुनाच नळ आहे, तो फिरवावा लागतो.

पण दादा, खरं सांगू का, या वयात मला तपासणी जमत नाही. गेल्या महिन्यात आम्ही खेळाच्या नव्या हॉलमध्ये गेलो. भिंती उभ्या होत्या, छप्पर अजून नव्हतं, आणि नदीकाठच्या कॉटनवुडच्या झाडांचं पांढरं, कापसासारखं बी वरून हॉलभर उतरत होतं. सगळं कसं शांत, लोखंडी तुळयांच्या मध्ये निळं आभाळ, आणि त्या आभाळातून हे बी कुणाला काही विचारल्याशिवाय खाली येतंय. मी मान वर करून उभी राहिले ती राहिलेच. इथे आता पोरं धावतील, पडतील, गुडघे फोडतील, कुणीतरी कुणालातरी पहिल्यांदा नाचायला विचारील आणि नाही ऐकून घेईल. शेवटी ब्रेट (कामावरचा मुकादम, माझाच विद्यार्थी, वर्ष आठवत नाही पण अक्षर गचाळ होतं) म्हणाला, "हॅडलीबाई, लक्ष आहे ना? मी सांडपाण्याबद्दल बोलतोय." मी म्हटलं, "बोल की. आभाळाकडे बघूनसुद्धा सांडपाणी ऐकू येतं." त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आता मुद्द्याचं. मतपत्रिकेवर पहिल्याच ओळीत छापलं होतं की सर्व पोर्टेबल (म्हणजे ट्रकवरून आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोल्या) हटवून पक्क्या वर्गखोल्या बांधाव्यात. ही ओळ मीच सुचवली होती. दारोदार हिंडताना माझ्या हातात जो फोटो असायचा (कोपऱ्यातली बुरशी, खाली पडलेलं छत, त्याखाली बादली), तो माझ्याच वर्गाचा, चार नंबरच्या पोर्टेबलचा होता. "या डब्यात मुलं शिकतात!" असं मी लोकांच्या ओट्यावर उभी राहून ओरडत होते. तुझ्याही ओट्यावर ओरडले, तू दार लावून घेतलंस. तर बॉण्ड मंजूर झाला, केक कापला, आणि मग एके दिवशी हेल्मेट घालून मी नकाशा पाहिला तर चार नंबरवर लाल फुली. मला दादा, खरंच वाटलं होतं की हटवायच्या त्या बाकीच्या. आपला डबा आपण मोजत नाही.

त्या डब्यात मी सत्तावीस वर्षं शिकवलं. पहिल्याच वर्षी एका चिमुरडीने विचारलं होतं, "बाई, पोर्टेबल म्हणजे हलणारं ना? मग ही हलत का नाही?" मी म्हटलं, हलते, पण आपण घरी गेल्यावर. पुढे कित्येक वर्षं पोरं सोमवारी सकाळी रॅम्पपाशी खुणा बघायची. नदीवरून वारा सुटला की खोली किंचित डुलते, दारापाशी पाय पडला की जमीन पोकळ वाजते, हीटर आधी खोकतो आणि मग विचार करतो. या जुलैत मी रोज दुपारी तिथे जाऊन बसते. (समितीच्या वहीत 'पाहणी' असं लिहिते.) बाकं नेली आहेत. फळ्याच्या वर अक्षरांची पट्टी तेवढी राहिली आहे. जमिनीवर उन्हाचा चौकोन सरकत जातो, बाहेर कुठेतरी ड्रिल चालतं, आणि त्या आवाजात मला पोरांचं एकसुरी वाचन ऐकू येतं. डोळा लागतो. परवा ब्रेटने दार वाजवून विचारलं, "बाई, जिवंत आहात ना? नोंद करावी लागते."

आणि तिथे बसलं की तूही येतोस. चिडू नकोस, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आजही सांगत नाही, फक्त तुलाच लिहिते आहे. जोनीवहिनी गेल्या तेव्हा कळलं की पत्रं, बिलं, औषधांच्या बाटल्या, सगळं त्याच तुला वाचून दाखवायच्या. त्रेपन्नाव्या वर्षी तू शनिवारी दुपारी मागच्या रॅम्पने यायला लागलास, हातात नासपतीची पेटी घेऊन, म्हणजे कुणी पाहिलंच तर फळं द्यायला आलाय असं वाटावं. दोन हिवाळे. (मी दोन हिवाळे नासपती खाल्ली. अजून वास आला तरी नाक दाबते.) त्या इवल्याशा खुर्चीत तू गुडघे कानाला लावून बसायचास आणि प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवायचास. आणि मग तू आयुष्यातलं पहिलं पत्र वर्तमानपत्राला लिहिलंस ते माझ्या बॉण्डच्या विरोधात. मी वाचलं, माझं डोकं फिरलं, मी कागद चुरगाळला. मग उलगडून पुन्हा पाहिलं. 'अनावश्यक' बरोबर लिहिलं होतंस, स्वल्पविराम जागच्या जागी होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, दादा. मत चुकीचं होतं, पण वाक्य अगदी सरळ होतं.

आता मंगळवारचं. तू फोटो पाहिला आहेसच (कापून फ्रिजवर लावला असशील), पण खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक. सोमवारी कुंपणावर सूचना लागली: 'पोर्टेबल ४ उद्या सकाळी सातला हलवणार.' मी वर्तमानपत्राला फोन केला आणि सहा वाजताच घडीची खुर्ची, थर्मास आणि हेल्मेट घेऊन फाटकात बसले. सातला ट्रक आला. मी हात पसरून समोर उभी राहिले. ड्रायव्हर गावातला नव्हता. खाली उतरून म्हणाला, "बाई, बाजूला व्हा. आज न्यायलाच पाहिजे, भरलीये ती."

"भरलेली आहे म्हणूनच तर अडवते आहे!" मी म्हटलं. "किती माणसं तिथे बसून गेली, कल्पना आहे का तुम्हाला?"

"आहे हो. म्हणूनच तर दर आठवड्याला येतो."

"मी स्वतः तिथे सत्तावीस वर्षं काढली आहेत."

यावर त्याने टोपी काढली. "डॉक्टरला दाखवलंत का?" असं त्याने इतक्या मायेने विचारलं की मी पसरलेले हात खाली घेतले. मग तो माझ्या मागे बोट दाखवून म्हणाला, "मला ती निळी न्यायची आहे." मागे मजुरांसाठी ठेवलेली निळी प्लास्टिकची संडासं होती, ओळीने, एक ते सहा. त्यांनाही इथे पोर्टेबलच म्हणतात, आणि चार नंबर ओसंडायला आली होती. वर्तमानपत्रवाला नेमका तेव्हा पोचला. 'निवृत्त शिक्षिकेचा शौचालयासाठी ठिय्या' हा मथळा तसा खोटा नाही, त्यामुळे तक्रारही करता येत नाही.

पण त्यातून एक झालं. शाळेच्या अधीक्षक किंतेरोबाई माझ्यापुढे येईपर्यंत हसू दाबत होत्या, मग माझा चेहरा पाहून त्यांचं हसू गेलं. काल रात्रीच्या जेवणाआधी शाळा मंडळाची बैठक होती, तिथे त्यांनीच विषय काढला: खोली कुणी स्वतः उचलून नेणार असेल तर न्यावी, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, त्यानंतर यंत्र लावून तोडायची. मी हात वर केला. "हॅडलीबाई, तुम्ही तर लोखंडी सामानाच्या दुकानावर दोन खोल्यांत राहता," किंतेरोबाई म्हणाल्या. "ठेवणार कुठे?" मी म्हटलं, जागा आहे. कुठे आहे, तेही सांगितलं. त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि विचारलं, "आणि ते हो म्हणालेत?" मी म्हटलं, अजून नाही म्हणालेले नाहीत. इतिवृत्तात तेवढंच नोंदलं आहे.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जप.

तुझी,
ट्वायला

ता. क. (बुधवार, संध्याकाळ): जागा तुझी आहे, हे तू ओळखलंच असशील. जुन्या पॅकिंग शेडच्या मागे जिथे तू मोडका फवारणीचा पंप ठेवतोस तिथे. शोभेला ठेवायची नाही. ऑगस्टमध्ये तुझ्याकडे तोडणीला येणारी माणसं कागद हातात उलटा धरून मान डोलावतात, हे मी पाहिलं आहे आणि तूही पाहिलं आहेस. त्यांना रविवारी दुपारी शिकवीन. नव्या शाळेत त्यांना कोण घेणार? सगळं काचेचं आहे, आत बसलेलं माणूस रस्त्यावरून दिसतं. शिकताना दिसायचं नसतं काहींना. तुला हे मी सांगायला नको.

ता. क. २ (गुरुवार): गस पेल्टियर आठवतो? अख्खी घरं ट्रकवरून हलवण्याचा धंदा करतो. त्यालाही वाचायला मी त्याच खोलीत शिकवलं, म्हणून दोन जर्दाळूच्या केकांवर यायला तयार झाला. तू दाताच्या डॉक्टरकडे गेला होतास तेव्हा तो तुझं फाटक मोजून आला. चार इंच कमी आहे. डावीकडचा खांब काढावा लागेल. (लागला.)

ता. क. ३ (शुक्रवार सकाळ, गसच्या ट्रकमधून): हे टपालात टाकायचं राहून गेलं. खोली दोन भागांत सुटते, हे मला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं. अर्धी आमच्या मागे आहे, अर्धी गसच्या भावाच्या ट्रकवर. उघड्या बाजूला प्लास्टिक लावलं आहे, ते वाऱ्याने फुगतं, आणि आरशातून मला माझ्या वर्गाची भिंत नासपतीच्या झाडांमधून चाललेली दिसते आहे, अक्षरांसकट. लोक गाड्या बाजूला घेऊन उभे राहतात. परत नेता येणार नाही; शाळेने मागचं कुंपण घालून घेतलं आहे. गसने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. पत्र तोच तुझ्या हातात देईल. नाही म्हणायचं असेल तर लेखी दे, मी तपासून घेईन. तुला एकेक शब्दाखाली बोट ठेवून वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे मला. घाई करू नकोस, दादा. सावकाश वाच. आम्ही तुझ्या फाटकापाशी इंजिन बंद केलं आहे.