ईम म्हणजे मामा

मुरबाड, ता. ४ मे १९३९

तीर्थस्वरूप जयराममामांस कुंडलिकचा साष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा बरा आहे. म्हैस व्यायली, पारडी झाली. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले.

कॉलेज सोडलं ते प्रोफेसरांशी भांडून, असं मी सगळ्यांना सांगितलं. भांडलो हे खरं. पण तुमच्या सावळीचं लग्न ठरल्याचं आईचं पत्र त्याच सकाळी आलं होतं.

माघात तुम्ही होस्टेलवर आलात. खाटेच्या काठावर बसून बशीतून चहा घेतलात. मी नुकताच एक जुना इंग्रजी शब्द शिकलो होतो, तो तुम्हाला ऐकवला. ईम. ईम म्हणजे आईचा भाऊ, दुसरा कोणी नाही. बहिणीचा मुलगा त्याला पोटच्यासारखा. पुढे तो शब्द मेला, आता काका काय नि मामा काय, सगळे अंकल.

तुम्ही हसलात. "मंग त्यांच्यात लग्नात पोरीच्या पाठी कोन उभा ऱ्हातो रे?"

"कोणी नाही."

"आनि भाच्याला कोन इचारतो?"

एवढं बोलून तुम्ही माझ्या हातावर हळद लावलेली सुपारी ठेवलीत. माझं ईमपुराण चालूच होतं. बोलता बोलता तुमच्या चंचीतला अडकित्ता घेतला, सुपारी फोडली, अर्धी तुम्हाला दिली, अर्धी खाल्ली.

मुलगी बाहेर द्यायची तर मामा आधी भाच्याच्या हातावर सुपारी ठेवतो. परत केली तर मुलगी त्याची. खाल्ली तर त्याने हक्क सोडला. आपल्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला ती चहानंतरची सुपारी वाटली.

तुम्ही तुमची अर्धी खाल्ली नाहीत. धोतराच्या सोग्यात बांधलीत. "बरा हाय. शिक," म्हणालात नि गेलात.

आठवीपासून माझ्या मनात काय होतं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तिलाही नाही.

काल आई भाकरी थापता थापता म्हणाली, "हळद सावळीनंच लावली होती. तिनंच बापाला धाडला. म्हनाली, त्याला इचारल्याबिगर नाय."

मी भाकरी खाल्ली. म्हशीला पेंढा टाकला.

सोमवारी लग्नाला येतो. पंगतीत वाढायला उभा राहीन, माझी काळजी करू नका. सावळीला यातलं काही सांगू नका. मी जाणून खाल्ली, असंच तिला वाटू दे. रागात निघणं तिला सोपं जाईल.

सोग्यातली ती अर्धी अजून असेल, तर मांडव रिकामा झाल्यावर मला द्या.

तुमच्या बहिणीचा मुलगा,
कुंडलिक