छातीतल्या चिपची सिद्धता

रविवार, ३ मार्च

हातातला कुब्बेचा गोळा परत ताटात ठेवला! लेकीच्या, ओस्नातच्या, कचेरीत चिप तपासायची नवी पद्धत आणताहेत. तिचा साहेब गिद्योन म्हणाला, "आधी जुन्या चिपवर चालवून दाखव, मग बोल." जुनी म्हणजे कोणती? माझ्या छातीतल्या पेसमेकरमधली!

हैफा बंदरात दोर ओढण्यात माझा जन्म गेला, मला काय कळतंय? लेकीनं समजावलं — आजवर खोट्या ठोक्यांवर चिप चालवून बघायचे. आता फक्त नियम लिहायचा: चिप ठोका द्यायची कधीच थांबणार नाही. चिप ज्या ज्या वाटांनी जाऊ शकेल, त्या सगळ्या संगणक धुंडाळतो. एकीवर जरी नियम मोडला, तरी ती वाट पावलापावलानं दाखवतो. नाहीतर म्हणतो — सिद्ध.

"आणि मोडला तर?"

"अब्बा, इतकी वर्षं चाललीय ना? जेव गुपचूप."

मंगळवार, ५ मार्च

सगळे नियम सिद्ध! गिद्योननं बुरेकास वाटले. फोनवर मला म्हणतो, "काका, आता मरायचं विसरा!" हसलो. हात मात्र छातीवरच.

गुरुवार, ७ मार्च

ओस्नात पांढरीफटक होऊन घरी आली. इतकं सोपं कसं, म्हणून तिनं मुद्दाम एक खोटा नियम लिहिला — ही चिप कधी ठोकाच देत नाही. संगणक म्हणाला: सिद्ध.

बाहेरच्या जगाबद्दल त्यांनी जी गृहीतं लिहिली, त्यातली दोन एकमेकांच्या उलट! एकात यंत्राची चाल बदलणारं चुंबक कधीच जवळ येत नाही, दुसऱ्यात डॉक्टर प्रत्येक तपासणीला ते छातीवर ठेवतात. दोन्ही पाळणारं जगच नाही. वाटच नाही, तर नियम मोडणार कुठे?

म्हणजे ज्या जगात मी सुखरूप होतो, तिथे कुणीच नव्हतं. मीसुद्धा.

शनिवार, ९ मार्च

शब्बाथ — कामाला, लिहायलाही मनाई. ओस्नात एरवी संगणकाला शिवत नाही. आज दार लावून बसलीय — गृहीतं दुरुस्त करतेय. मीही लिहितोय. देव बघून घेईल.

रविवार, १० मार्च

फ्रिजचं दार बोडकं. नातींचे फोटो टेबलावर, चुंबक एकही नाही. पलंगाशेजारची डबी — माझ्या यंत्राची नोंद दवाखान्याला पाठवते ती — ओस्नातच्या मांडीवर.

"ठोका थांबवणारी वाट सापडली, अब्बा. शेवटचं पाऊल चुंबकाचं."

"आणि आधीची?"

"ती तुझ्या यंत्रानं केव्हाच टाकलीत."