चुलीमागची घोरपड

आई, काल नातवानं टीव्हीवर मला ड्रॅगन दाखवला. पंख काय, तोंडातून जाळ काय! "आजी, घाबरलीस?" म्हणाला. मी म्हटलं, "अरे, ही तर घोरपड. नुसते पंख लावलेत तिला." तो खो खो हसला. मला मात्र तिचे डोळे बघवेनात. काठी टेकत स्वयंपाकघरात आले आणि तुला लिहायला बसले. तुला जाऊन साठ वर्षं झाली, पत्र घालणार कुठं?

एकोणीसशे पस्तीस-छत्तीस साल असेल, शेळगावचं आपलं घर, मी दहा वर्षांची. तुझे गुडघे धरले, तू अंथरुणाला खिळलीस आणि आबांनी माझी शाळा बंद केली. तुला उचलायचं, धुवायचं, भाकऱ्या थापायच्या. पाटी कोनाड्यात धूळ खात पडलेली आणि तुझं आपलं, "बाय, जरा कुशीवर कर." मला तुझा राग यायचा. खरंच यायचा. मग कुणीतरी आबांना सांगितलं, घोरपडीचं तेल लावा, बाया उठून चालत्यात. कालव्याच्या भरावातलं तिचं बीळ फक्त तुला नि मला ठाऊक होतं. वांग्याच्या वाफ्यावर जाताना तूच दाखवलं होतंस, वर ताकीद, "कुनाला सांगू नगंस. गरीब हाय ती." मी आबांना सांगितलं.

घोरपडी धरणाऱ्या माणसानं ती जिवंत आणली, चारी पाय पाठीवर ओढून सुतळीनं बांधलेली. तेल अवसेलाच काढायचं, तेही जिवंतपणी, तरच लागू पडतं म्हणे. अवसेला तीन दिवस होते. तीन दिवस ती चुलीमागं पडून आहे, समोर तू पडून आहेस. तू म्हणतेस, तिच्या तोंडात पळीभर पाणी घाल. मी घालत नाही.

तिसऱ्या दिवशी आबा रानात गेल्यावर तू म्हणालीस, "सोड गं तिला. माज्या पायांसाठी तिचं पाय नगंत."

"मग मी जल्मभर तुझं हागणं-मुतणं काढू व्हय?"

दहा वर्षांच्या पोरीचं तोंड हे! तू रडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "गाठ तरी बघ, सुटतीया का."

मी वाकले, गाठीला हात लावला आणि म्हटलं, "न्हाय सुटत. लई घट्ट हाय."

"बरं," म्हणालीस.

वाटीभर तेल निघालं. आबा महिनाभर तुझे पाय चोळत होते, तू भिंतीकडं तोंड करून पडायचीस. काही उठली नाहीस. फाल्गुनात गेलीस. आणि शाळा? कसली शाळा! आबांच्या भाकऱ्या कोण थापणार होतं?

आता माझे गुडघे धरलेत. सून हाताला धरून उठवते, बिचारी तोंडातून ब्र काढत नाही. हा कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवीन, तिथं कुणी बघत नाही. तुला एवढंच सांगायचं राहिलं होतं. गाठ सैल होती, आई. बोट लावताच सुटायला लागली होती. मीच ती परत आवळली.