होडीच्या फळ्यांची खोपी

बोईसर,
२० नोव्हेंबर १९६६

ती. सौ. पुष्पाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या शाळेच्या खोपीचं चित्र सोबत धाडतोय. खाडीच्या काठाला चार खांब, त्यांवर फळ्यांची बैठक नि भिंत, वर झावळ्या आणि भिंतीला, मुलं मांडी घालून बसली की बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी आडवी फट. मुलांना पाखरं दिसावीत, पाखरांना मुलं दिसू नयेत. इथे बांधकामावर आम्ही सुतार दिवसभर सिमेंटसाठी फळ्या ठोकतो आणि सिमेंट सुकलं की उपटून टाकतो. निदान तुझी खोपी तरी टिकेल.

लाकूड विकत घेऊ नकोस. बाबांची होडी दोन वर्षं वाळूवर पडून आहे, तीच मोड. अस्सल साग आहे. बाबांना मी विचारलंय, त्यांची ना नाही. ते सातपाटीला आत्याकडे लग्नाला गेलेत, तोवर उरकून घे.

पाखरांच्या बाईंनी भावाला विसरू नये.

तुझा,
देवू


केळवे,
११ डिसेंबर १९६६

चि. देवूस,
अनेक उ. आ.

खोपी झाली. कमलाकांत सुताराने चित्राबरहुकूम केली, पण पाखरंच नाहीत! पोरं फळ्यांवर धाडधाड चढतात आणि बगळे पलीकडच्या काठाला. माझ्या वर्गातली नवसी म्हणते, बाई, आमी पाखरं बघतच नाय, पाखरंच आमाला बघून जातात. घे, मोठा कारागीर!

आता दुसरं. बाबा परतले. वाळूत होडीचा खळगा तेवढा उरलाय. तिथे उभं राहून त्यांनी विचारलं, कोणी मोडली. मी म्हटलं, देवूने तुम्हाला विचारलं होतं ना. पायाने खळग्यातली वाळू सारखी केली. मग म्हणाले, हां, विचारलेलं त्यानी, मीच विसरलो.

देवू, बाबा असलं काही विसरत नाहीत. तू विचारलं होतंस का? खरं ते लिही.

तुझी,
ताई


बोईसर,
१८ डिसेंबर १९६६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नव्हतं विचारलं.

दिवाळीला आलो तेव्हा बाबा होडीवर हात फिरवत म्हणाले होते, एकट्यानं नाय निघत रे, तू आलास की काढू. मला इथलं काम सोडून दर्यावर परतायचं नव्हतं आणि नाही म्हणायची छाती झाली नाही. होडीच नसली तर बोलावणंही येणार नाही, असं वाटलं. तुझ्या खोपीचं आयतं निमित्त मिळालं. मुलांसाठी करतोय, असं मनाला सांगत राहिलो.

बाबांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं खोटं त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. खोपी उतरवू का? पण होडी काही परत होणार नाही. मी काय करू, ताई?

माया कर म्हणायला तोंड नाही.

देवू


केळवे,
१ जानेवारी १९६७

चि. देवूस,
आशीर्वाद.

तुला लिहिलेली दोन पत्रं रागाने फाडली.

बाबा रोज खोपीत येऊन बसतात. होडीत चढताना करायचे तसंच करतात. वहाणा खाली काढायच्या, फळीला हात लावून कपाळाला लावायचा, मग हळूच वर. मी कुणाला काही सांगितलं नाही, पण पोरंही तसंच करू लागली. आता पावलांचा आवाज होत नाही. काल तुतारी नावाचं एक पाखरू फटीसमोर चिखलात निवांत चरत होतं आणि नवसीने श्वास रोखून धरला होता.

तेव्हा खोपी राहू दे. तू ये. पत्रातून माफी मागू नकोस. बाबांना वाचता येत नाही, आणि मी वाचून दाखवणार नाही.

वाट पाहणारी,
ताई


बोईसर,
९ जानेवारी १९६७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल आलो होतो. तुझ्या घरी न येताच परतलो, रागावू नकोस.

बाबा खोपीत पाठमोरे बसले होते. एसटीत बरंच घोकलं होतं. पायरीशी उभा राहून, बाबा, होडी मी, एवढंच बोललो. त्यांनी मागे न वळताच हात वर केला. म्हणाले, बूट काढ नि ये, पाखरं हायत.

बूट काढले. फळीला हात लावला. बाबांनी सरकून जागा दिली. होडीत लहानपणी मला बसवायचे, त्याच बाजूला.

उरला असेल तेवढा लोभ राहू दे.

तुझा,
देवू