कोंबडा स्वीकारल्यास, किंवा न स्वीकारल्यास

मी, सेसिलिया, कै. इग्नेशियस स्टेफानो यांची पत्नी, वय सदुसष्ट, राहणार मसाका, युगांडा, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. डोक्यात गोंधळ मात्र पुष्कळ आहे. त्याविषयी दाखल्यात काही नाही.

१. बसथांब्यामागचे घर मुलगी स्पेशिओझा हिला. नाकतोडे पकडायचे पत्रे, पिंपे, दिवे आणि तळणीची कढईही तिलाच. हे घर तळलेल्या नाकतोड्यांच्या विक्रीवर उभे राहिले. मी स्वतः एकही चाखलेला नाही, कारण नाकतोडा आमच्या कुळाचे देवक. लोक ते मांसाहून महाग भावाने का घेतात, हे मला कधी उमगले नाही. शुक्रवारी, मांस वर्ज्य असताना, ते चालतात का, हे कॉन्व्हेंटमधल्या प्रेमळ सिस्टर अगाथांनाही शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

२. पुरताना मला निळी रेशमी गोमेसी, आमचा सणाचा पायघोळ झगा, नेसवावी. नवऱ्यासाठी नाकतोडे वेचणाऱ्या बायकोला त्याने नवे वस्त्र द्यायचे, अशी रीत. इग्नेशियसने एकही न खाता ही दिली. ते असे झाले.

तो नैरोबीच्या बसवर चालक होता. शाळेने दोघांनाही संतांची नावे दिली, त्यामुळे नावावरून कूळ कळत नव्हते. लग्न तिकडच्या चर्चमध्ये उरकले. मागणीची बैठक झालीच नाही, आणि कुळे सांगायची राहून गेली. लग्नानंतरच्या पहिल्या नोव्हेंबरात, नाकतोड्यांच्या हंगामात, मी ताटली पुढे केली.

"खा ना, गरम आहेत."

"मला चालत नाहीत गं."

"का? पोट बिघडलंय?"

"देवक आहे आमचं."

"थट्टा पुरे. देवक माझं आहे!"

मग आम्ही दोघे त्या ताटलीकडे बघत बसलो. एका देवकाची माणसे म्हणजे बहीणभाऊ.

इग्नेशियसने तरीही रीतीप्रमाणे माझ्या थोरल्या भावाला, देओग्रासियसदादाला, मेव्हण्याच्या मानाचा कोंबडा पाठवला. तो परत आला. निरोप असा: "भावाकडून कसला कोंबडा घेऊ?" पुढे दर नाताळात दादा विचारी, "काय गं, आपला भाऊ बरा आहे ना?" इग्नेशियस आतून ओरडे, "झकास आहे म्हणावं!" तो हसायचा. मी नाही.

३. वारस. आमच्यात बाईची वारस तिच्या कुळातली लागते, म्हणजे भावाची मुलगी. लेक बापाच्या कुळाची. दिवसकार्यात झाडाच्या सालीचे वस्त्र खांद्यावर घेऊन जी माझ्या जागी बसेल, तिला पुढे सगळे माझ्या नावाने ओळखतील. ती जागा दादा आपल्या रेस्टिटुटाची धरून चालला आहे. मुलगी भली आहे, पण दुबईत असते. आत्याचा आवाज फोनवर तिला ओळखू येत नाही. आणि इथे माझे पाय चेपताना स्पेशिओझाने विचारले, "आई, तुझ्या जागी मी बसले तर काय बिघडेल?" त्याचे उत्तर आता थोडेसे सुचले आहे.

४. दिवसकार्यात, वारस बसवण्याआधी, सर्वांसमोर दादाला इग्नेशियसच्या नावाने एक कोंबडा द्यावा.

स्वीकारल्यास, इग्नेशियस त्याचा मेव्हणा आणि माझा नवरा ठरला. मग रेस्टिटुटा खुशाल बसो.

न स्वीकारल्यास, इग्नेशियस आमचा भाऊ ठरला. मग भावाची मुलगी स्पेशिओझा. तीच बसेल.

लेकीला जागा हवी, आणि त्या बिचाऱ्याला एकदा तरी मेव्हणा मिळायला हवा. यातले मला जास्त काय हवे, ते कळत नाही. म्हणून दादावर सोपवते. कोंबडा मात्र धष्टपुष्ट बघावा.

मसाका, ४ नोव्हेंबर २०१९
सही: सेसिलिया

साक्षीदार:
फ्लोरा नान्सुबुगा, शेजारीण
गॉडफ्री मुवोंगे, बसथांब्यावरील तिकीटवाले

(दादाला वाचायला दिले होते. खालच्या ओळी त्याच्या हातच्या आहेत. त्या तशाच ठेवाव्यात.)

वाचले. कोंबडा आत्ता दे, तू असताना. घेतो. दिवसकार्यात आणलात तर परत पाठवीन. मग कलम ४ प्रमाणे होऊ दे.
देओग्रासियस