डोळे राहिलेली जनावरं

प्रिय साळू,

या नावाने हाक मारली म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. अंबाड्यात चार-चार ब्रश खोचून घरभर हिंडणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? पहिल्यांदा तुला तशी पाहिली तेव्हाच मला साळिंदर आठवलं होतं, आणि सासूने सुनेला टोपणनाव ठेवू नये असा काही नियम नाही. आता कायद्याने तू माझी सून राहिली नाहीस, हे मला ठाऊक आहे. तुम्हा दोघांच्या सह्या झाल्या, विषय संपला. तू इथून गेलीस त्याला वर्ष होत आलं. फोन केला तर उचलत नाहीस. एकदाच निरोप पाठवलास, की माझ्यामुळे तुमची आणि तुमच्या मुलाची कुचंबणा नको, म्हणून मी लांबच राहते. वा गं शहाणे! माझी कुचंबणा होते की नाही, हे मला विचारलंस तरी का? म्हणून आता पत्र लिहायला बसले. फोन वाजू देता येतो, पत्र एकदा फोडलं की वाचावंच लागतं.

आधी घरची खबरबात. माझा मुलगा बरा आहे. पूर्वी त्याने काही घोळ घातला की मी खुशाल ‘तुझा नवरा’ म्हणून मोकळी व्हायचे, आता तो सगळाच्या सगळा माझ्याच वाट्याला आलाय. स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करायला शिकलाय आणि एक जाळलाही. तुमच्या दोघांत काय बिनसलं ते मी त्याला विचारलं नाही, तुलाही विचारणार नाही. दोघंही शहाणी आहात, उगाच तर मोडलं नसणार. माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण हात अजून दगडासारखा स्थिर आहे, आणि आपल्या कामाला गुडघे लागतातच कुठे?

खिडकीजवळचं आपलं टेबल जसंच्या तसं आहे. रंग कालवायची ती टवका उडालेली पांढरी टाइल, शेजारी दोन कप, एक पाण्याचा आणि एक चहाचा. चहात ब्रश बुडवायची माझी खोड काही गेली नाही. परवा खेळातल्या एका अस्वलाच्या पाठीचा अर्धा तपकिरी रंग मी पिऊन टाकला आणि वर साखर कमी पडली म्हणून स्वतःलाच बोलले. तुझी खुर्ची तिथेच आहे. तुझं पंखवालं पाणमांजर, ज्याचं अंग तू रंगवून पुरं केलंस आणि डोळ्यांवाचून सोडून गेलीस, तेही टेबलाच्या कोपऱ्यात होतं. त्याचं काय झालं ते शेवटी सांगते.

तुला आठवतं, मी या नादाला कशी लागले? उभा जन्म दातांच्या लॅबमध्ये लोकांचे खोटे दात घडवले आणि एक दिवस निवृत्त होऊन घरी आले. हातांना काम नाही, डोक्याला ताप. दिवसभर कपाटं आवरायची, आवरलेली पुन्हा आवरायची. तू तुझ्या त्या खेळातली जनावरं रंगवत बसायचीस, अंगठ्याएवढी, कुणाला शिंगं, कुणाला पंख, कुणाच्या अंगात चिलखत. टेबलावर फासे टाकून ती एकमेकांवर सोडायची, हे मला तेव्हा शुद्ध पोरखेळ वाटायचं. मग एका दुपारी तू दोन शेपट्यांच्या कोल्ह्याला पांढऱ्याशुभ्र रंगाचे दात द्यायला निघालीस आणि माझा तोलच गेला. अगं, इतके पांढरे दात फक्त जाहिरातीत असतात! तुझ्या हातातून कोल्हा ओढून घेतला आणि त्याला पक्क्या चहाबाज म्हाताऱ्याचे दात करून दिले, मुळाशी पिवळट, टोकाला किंचित निळसर. तू पोट धरून हसलीस. त्यानंतर या घरातल्या कुठल्याही जनावराच्या तोंडाला तू हात लावला नाहीस, आणि मी काही त्या टेबलावरून उठले नाही.

डोळ्यांचा आपला नियम तर माझ्याच फजितीतून निघाला. माझं पहिलं स्वतःचं जनावर ते शिंगांचं अस्वल. सकाळपासून त्याच्यावर ओणवी होऊन बसले होते, केस न् केस रंगवला, डोळेही केले आणि दिमाखात क्लबात घेऊन गेले. क्लब म्हणजे काय, खेळण्यांच्या दुकानामागची खोली, पण तेव्हा मला ती राजदरबार वाटत होती. तिथे खेळायला येणाऱ्या गणिताच्या सरांनी भिंगातून पाहून विचारलं, की हे अस्वल स्वतःच्याच नाकावरची माशी शोधतंय का. दोन्ही बुबुळं आत वळलेली! घरी शंभरदा पाहूनही मला ते दिसलं नव्हतं. तू तेव्हा म्हणालीस, की एखाद्या जनावराकडे फार वेळ बघत बसलं की ते कसंही असलं तरी आपल्याला सरळच दिसतं, म्हणून ज्याने अंग रंगवलं त्याने डोळे रंगवायचेच नाहीत, ते दुसऱ्याने ताज्या नजरेने करायचे. त्या दिवसापासून तुझ्या जनावरांचे डोळे मी केले आणि माझ्या जनावरांचे तू. दुसऱ्या कुणाला आपण त्यांना हात लावू दिला नाही.

आणि आता माझी पंचाईत ऐक. तू गेल्यापासून मी सात जनावरं रंगवली आहेत. अभिमानाने सांगते, आधीपेक्षा कितीतरी सरस. चिलखतातलं रानडुक्कर तर असं जमलंय, की बघतच राहशील. त्याचंही आधी वाटोळं केलंच होतं म्हणा. दमट हवेत प्रायमरचा, रंगाखालच्या पहिल्या थराचा, फवारा मारला आणि सगळं अंग मीठ चोळल्यासारखं खरखरीत होऊन बसलं. तू असतीस तर खिडकीबाहेर एकदा हात काढून आज नको म्हणाली असतीस. मग सगळा रंग खरवडून पुन्हा पहिल्यापासून केलं. पण सातांपैकी एकालाही डोळे नाहीत. डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा ठेवून ओळीने फळीवर बसली आहेत. आपल्या क्लबाचा कायदा तुला माहीत आहे, अर्धवट रंगवलेलं जनावर टेबलावर उतरवायचं नाही. त्यामुळे मी दर आठवड्याला जाते आणि भिंतीला टेकून दुसऱ्यांचे खेळ बघून परत येते. सरांना माझी दया आली. म्हणाले, आणा इकडे, मी करून देतो, दहा मिनिटांचं काम. भला माणूस आहे, हातही चांगला आहे. मी सरळ नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, मग स्वतः करा. तेही नाही म्हटलं. आता ते मला हट्टी म्हातारी म्हणतात, आणि त्यांचं काहीच चुकत नाही.

आडून आडून बोलायचा मला कंटाळा आहे, म्हणून एकदा स्पष्ट लिहून टाकते. मला तुझी फार आठवण येते. घरात सून हवी म्हणून नाही. घर मी सांभाळते, मुलगा स्वतःला सांभाळतो. मला समोरच्या खुर्चीतली तू हवी आहेस, माझा रंग चुकला की तोंडावर सांगणारी, आणि मी रागावले तरी ब्रश खाली न ठेवणारी. अशी माणसं या वयात नव्याने मिळत नाहीत गं, आणि मला नवीन शोधायचीही नाहीत.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते. गेल्या रविवारी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाला, आई, तिच्या वस्तू अजून आपल्याकडे ठेवणं बरं दिसत नाही, खोक्यात भरून पाठवून दे. त्याचं म्हणणं मला पटलं. मी खोकं आणलं, तुझे ब्रश भरले, रंगांच्या बाटल्या कागदात गुंडाळून भरल्या, आणि पाणमांजर हातात घेतलं तेव्हा हात थांबला. त्याचं अंग तू रंगवलंस, म्हणजे डोळे माझ्याकडे लागतात. हिशेबाने ते काम वर्षभर माझ्याकडे पडून होतं. मग खोकं पुन्हा रिकामं केलं, सगळं होतं तिथे मांडलं आणि चष्मा पुसून बसले. आधी काळी खाच, तिच्यात मळकट पिवळा, मधून एक उभी रेघ, आणि उजेडाचे दोन ठिपके, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. जरा तिरकं बघतंय, तू रुसलीस की बघायचीस तसं. ते मुद्दाम केलंय. संध्याकाळी मुलाला सांगितलं, की तुमचं लग्न तुमच्या सह्यांनी जोडलं होतं, ते तुमच्या सह्यांनी सुटलं. माझ्या आणि तिच्या मैत्रीवर सही कुणी केली होती? टेबल माझं आहे, त्यावरची जागा तिची आहे. त्यावर तो एवढंच म्हणाला, की शनिवारी दुपारी मी घरी नसतो. म्हणून या पत्राबरोबर तुझं सगळं सामान येत नाहीये, फक्त पाणमांजर येतंय. कापसातून जपून काढ, पंख नाजूक आहेत. माझं काम मी पुरं केलंय, साळू. आता माझी सात जनावरं फळीवर बसली आहेत, आणि पाळी तुझी आहे. शनिवारी ये.

तुझीच,
अहोआई